डिएगो फोर्लान: मोंतेविदेओ ते अंधेरी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१६ साली अंधेरीच्या मैदानावर तीनेक महिने खेळून गेलेला तो सोनेरी केसांचा माणूस नेमका कोण होता, असं लोक मला अजून विचारतात. काहींना तो मँचेस्टर युनायटेडमधला ‘ज्याला गोलच होत नाही’ असा खेळाडू म्हणून आठवतो. काहींना २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून. दोन्ही माणसं एकच, हे सांगितलं की दोघंही माझ्याकडे संशयाने बघतात. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाचे लिहून काढतोय.

तो एकूण किती देशांत खेळला?

क्लब दहा. देश नऊ, हाँगकाँगला एक धरून. फुटबॉलच्या हिशेबात हाँगकाँगची संघटना चीनपासून वेगळी आहे.

सुरुवात अर्जेंटिनात, इंडिपेंडिएंतेकडून. जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेड. २००४ मध्ये स्पेनला व्हियारेआल आणि २००७ मध्ये तिथेच अ‍ॅटलेटिको माद्रिद. २०११ मध्ये इंटर मिलान. २०१२ मध्ये ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेचा इंटरनॅसिओनाल, २०१४ मध्ये जपानचा सेरेझो ओसाका, २०१५ मध्ये घरी पेन्यारोल, २०१६ मध्ये आपली मुंबई सिटी आणि २०१८ मध्ये हाँगकाँगचा किची. ऑगस्ट २०१९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, बूट खुंटीला.

यादी नीट वाचलीत तर एक गंमत दिसेल. हा उरुग्वेचा एवढा मोठा खेळाडू, पण उरुग्वेच्या लीगमध्ये मोठ्यांच्या संघातून पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याला ३६ वर्षं पूर्ण झाली होती.

घरात फुटबॉल होता म्हणे?

होता म्हणजे काय, घरात दुसरं काही नव्हतंच. आईचे वडील हुआन कार्लोस कोराझो उरुग्वेच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते, १९६२ च्या विश्वचषकात संघ त्यांच्याच हाताखाली होता. वडील पाब्लो फोर्लान बचावपटू, १९६६ आणि १९७४ चे विश्वचषक खेळलेले, पेन्यारोलचे आणि ब्राझीलच्या साओ पावलोचे. आजोबा आणि वडील दोघांनीही दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद मिळवलं होतं, आजोबांनी प्रशिक्षक म्हणून, वडिलांनी खेळाडू म्हणून.

तरी हा मुलगा लहानपणी टेनिसही तितक्याच जीव लावून खेळायचा. १९९१ मध्ये त्याची बहीण आलेहांद्रा मोटार अपघातात सापडली आणि कायमची चाकाच्या खुर्चीत बसली. डिएगो तेव्हा बारा वर्षांचा. उपचारांचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. दिएगो माराडोनाने पैसे उभे करायला मदत केली, ही गोष्ट फोर्लान कुटुंब कधी विसरलं नाही. पुढे मुलाने टेनिस सोडून फुटबॉलच धरलं त्यामागे हा अपघात होता, असं त्याने स्वतः सांगितलंय.

युनायटेडमध्ये त्याला गोल का जमेनात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा हसत हसत येतो.

आधी आकडे. जानेवारी २००२ मध्ये युनायटेडने त्याला सुमारे ६९ लाख पौंडांना घेतलं. तो खरं तर मिडल्सबरोकडे जाणार होता, युनायटेडचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसननी ऐनवेळी त्याला आपल्याकडे वळवलं. त्यानंतर पहिला गोल व्हायला आठ महिने आणि २७ सामने लागले. तोही १८ सप्टेंबर २००२ ला मकाबी हैफाविरुद्ध, पेनल्टीवर, सामना कधीच खिशात आला असताना. निकाल ५-२.

पण ‘२७ सामने’ हे ऐकायला जेवढं भयंकर वाटतं तेवढं नाही. त्यातले बरेचसे बदली खेळाडू म्हणून, शेवटची दहा-पंधरा मिनिटं. पुढे रूड व्हॅन निस्टलरॉय उभा, तो गोलांचा रतीब घालत होता, त्याला बाकावर कोण बसवणार? नव्या देशात आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या फॉरवर्डला लय सापडायची तर सलग सामने लागतात. आठवड्याला पंधरा मिनिटं मिळाली की तो प्रत्येक चेंडू शेवटचाच असल्यासारखा मारतो, आणि तसा मारलेला चेंडू बहुतेक वेळा गॅलरीत जातो. गल्लीत क्रिकेट खेळताना शेवटच्या षटकात बॅट हातात आलेल्या पोराला विचारा.

मैदानांचाही भाग होता. इंग्लंडच्या ओल्या गवतावर फर्ग्युसन लांब खिळ्यांचे बूट घालायला सांगायचे, याला आखूड खिळ्यांची सवय. चेल्सीविरुद्ध त्याने गुपचूप आखूडच घातले, मोक्याच्या क्षणी पाय घसरला आणि पुढे ड्रेसिंग रूममध्ये फर्ग्युसननी ते बूट उचलून भिरकावले. हा किस्सा फोर्लानच मजेत सांगतो.

युनायटेडकडून शेवटचा हिशेब: ९८ सामने, १७ गोल.

मग तिथले प्रेक्षक त्याच्यावर एवढे फिदा का?

कारण डिसेंबर २००२. अ‍ॅनफील्डवर लिव्हरपूलविरुद्ध, त्यांच्याच घरच्या मैदानावर, सामना. जेमी कॅरागरने डोक्याने मागे दिलेला साधा चेंडू गोलरक्षक येर्झी डुडेकच्या हातांतून, पायांतून निसटला आणि मागे फोर्लान उभा. गोल. तीनेक मिनिटांत दुसरा. युनायटेड २-१ ने जिंकले आणि त्या मोसमात लीगही घेऊन गेले. लिव्हरपूलला रडवणाऱ्याला मँचेस्टरमध्ये सगळं माफ असतं. त्याच्या नावाचं गाणं तिथे नंतर कित्येक वर्षं गायलं गेलं.

आणि महिनाभर आधीचा साऊदॅम्प्टनचा सामना. शेवटच्या मिनिटांत विजयी गोल झाला, पठ्ठ्याने आनंदात शर्ट काढला आणि तो पुन्हा अंगात चढेचना. खेळ सुरू झाला तरी हा उघडाच, हातात शर्टाचा बोळा धरून प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावतोय. त्याची चित्रफीत शोधून बघाच.

स्पेनमध्ये गेल्यावर असं काय बदललं?

माणूस तोच, बूट आवडीचे. बाकी सगळं बदललं.

व्हियारेआल हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचं गाव. पण संघात हुआन रोमान रिकेल्मे होता, ज्याला चेंडू कुठे द्यायचा हे बचावपटूंच्या आधी कळायचं. फोर्लान रोज पहिल्या अकरात. पहिल्याच मोसमात, २००४-०५ मध्ये, लीगमधले २५ गोल. स्पेनमधल्या सर्वाधिक गोलांचा पिचिची पुरस्कार मिळाला आणि युरोपचा गोल्डन शू त्याने थिएरी हेन्रीसोबत वाटून घेतला. गाव लीगमध्ये तिसरं आलं, पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलं. तिथे आर्सेनलविरुद्ध रिकेल्मेची पेनल्टी शेवटच्या मिनिटांत अडली आणि स्वप्न संपलं. त्याआधीच्या फेरीत सान सिरोवर, इंटरच्या घरात, पहिल्याच मिनिटाला गोल करणारा फोर्लान होता. इंटरचा उल्लेख लक्षात ठेवा, पुढे येतोय.

२००७ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदने फर्नांडो टोरेस गेल्यावर त्याला घेतलं. टोरेस म्हणजे तिथल्या लोकांचा घरचा मुलगा, त्याच्या जागी येणं सोपं नव्हतं. २००८-०९ मध्ये याने लीगमध्ये ३२ गोल मारले. त्याच मोसमात बार्सिलोनाने सगळं काही जिंकलं, त्यांच्या सॅम्युएल एटोचे गोल ३०. फोर्लानला दुसरा पिचिची, दुसरा गोल्डन शू.

गोल्डन शू म्हणजे नुसते सर्वाधिक गोल का?

नाही. गोलांना लीगनुसार भार असतो. मोठ्या पाच लीगमध्ये एका गोलाला २ गुण, त्याखालच्या लीगमध्ये दीड, बाकी ठिकाणी १. म्हणजे फोर्लानचे ३२ गोल ६४ गुणांचे. एखाद्या छोट्या लीगमध्ये कुणी ५० मारले तरी तो मागेच राहतो. हे रास्त आहे की नाही यावर वाद घालायचा तर चहा घेऊन बसू.

२०१० मध्ये त्याची सगळ्यात मोठी रात्र कोणती?

लोक विश्वचषकाचं नाव घेतात, मी आधी त्याच वर्षीच्या एप्रिल-मेकडे बोट दाखवतो. युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत अ‍ॅटलेटिकोसमोर लिव्हरपूल, म्हणजे पुन्हा अ‍ॅनफील्ड. माद्रिदमधल्या लढतीत फोर्लानच्याच गोलने १-० आघाडी होती. अ‍ॅनफील्डवर जादा वेळेत लिव्हरपूल २-० ने पुढे, सगळं संपल्यात जमा. १०२ व्या मिनिटाला फोर्लानचा गोल, आणि तेव्हा बाहेरच्या मैदानावरच्या गोलाला जास्त वजन असल्याने अ‍ॅटलेटिको अंतिम फेरीत. सात-आठ वर्षांपूर्वी ज्या मैदानाने त्याला नाव दिलं, तिथेच. १२ मे ला हॅम्बुर्गमध्ये फुलहॅमविरुद्ध २-१, दोन्ही गोल त्याचे, दुसरा ११६ व्या मिनिटाला.

विश्वचषकात त्याचे पाच गोल आणि थॉमस म्युलरचेही पाच. मग कुणाला काय मिळालं, आणि का?

दोन वेगळे पुरस्कार आहेत, त्यांची सरमिसळ होते. गोल्डन बूट गोलांसाठी. पाच गोलांवर चौघं होते: म्युलर, फोर्लान, डेव्हिड व्हिया आणि वेस्ली स्नायडर. बरोबरी झाली की सहकाऱ्यांना करून दिलेले गोल मोजतात, त्यात म्युलर पुढे, म्हणून बूट त्याचा. गोल्डन बॉल स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी, तो तेव्हा पत्रकारांच्या मतांवर ठरला. तो फोर्लानला मिळाला, २३.४ टक्के मतं, स्नायडरला २१.८. त्याचा संघ चौथा आला होता, तरीही.

का मिळाला हे समजायचं तर प्रशिक्षक ऑस्कर तबारेस यांनी काय केलं ते बघा. फ्रान्सविरुद्धचा पहिला सामना ०-० सुटला, फोर्लान अगदी पुढे होता. दुसऱ्या सामन्यापासून तबारेसनी त्याला सुआरेझ आणि कव्हानी या फॉरवर्ड जोडीच्या मागे खेचलं. म्हणजे चेंडू मधल्या फळीतून उचलायचा त्याने, पुढे न्यायचा त्याने, फ्री किक आणि कॉर्नर त्याचेच. आणि दोन्ही पायांनी सारखाच मारणारा, त्यामुळे बचावपटूने त्याला कुठल्या बाजूला ढकलायचं हाच प्रश्न. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने दोन मारले, पुढे घाना, नेदरलँड्स आणि जर्मनीविरुद्ध एकेक.

त्या स्पर्धेतला जबुलानी चेंडू हवेत कुठेही वळायचा, गोलरक्षक त्याला शिव्या घालायचे, फ्री किक मारणारेही. घानाविरुद्ध फोर्लानची फ्री किक मात्र हवेत वळून थेट जाळ्यात. सुआरेझने हाताने अडवलेला चेंडू, असामोआ ग्यानची हुकलेली पेनल्टी, हे सगळ्यांना आठवतं. त्या सामन्याच्या पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वेची पहिली पेनल्टी घ्यायला शांतपणे चालत गेला तो फोर्लान, हे कुणाला आठवत नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत, जर्मनीविरुद्ध ३-२ ने मागे असताना, अगदी शेवटच्या फ्री किकवर त्याचा चेंडू आडव्या दांड्यावर आदळला. ती दांडी मला अजून ऐकू येते.

कोपा अमेरिकाही जिंकला ना?

हो, तेच दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद, २०११ मध्ये. स्पर्धाभर गोल नाही, टीका सुरू, आणि अंतिम सामन्यात ब्युनोस आयर्समध्ये पॅराग्वेविरुद्ध ३-० मधले दोन त्याचे. आजोबा, वडील आणि नातू, तिन्ही पिढ्यांच्या घरात तो मान आला. उरुग्वेकडून १०० सामने पूर्ण करणाराही तो पहिलाच. एकूण ११२ सामने, ३६ गोल.

इंटर मिलानमध्ये काय घोळ झाला?

कागदाचा. ऑगस्ट २०११ च्या शेवटी, बार्सिलोनाहून इंटरकडे आलेला एटो गेला म्हणून इंटरने फोर्लानला घेतलं. पण तो नुकताच अ‍ॅटलेटिकोकडून युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला होता, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा खेळाडूला त्या मोसमात दुसऱ्या क्लबकडून चॅम्पियन्स लीगचे गटसामने खेळता येत नसत. ज्यासाठी आणला त्याच स्पर्धेच्या यादीत त्याचं नाव नाही! पुढे दुखापती, जागा बदलून खेळवणं, आणि लीगमध्ये जेमतेम दोन गोल. दोन वेळा युरोपचा सर्वाधिक गोल करणारा माणूस आणि इंटरकडून दोन गोल. इथे मला पुन्हा युनायटेड आठवतं. फॉरवर्डच्या नावापुढचा आकडा वाचताना तो कुठे उभा होता आणि मागून चेंडू कोण देत होतं, हे सोबत वाचायला हवं.

ब्राझील आणि जपानमध्ये कसं गेलं?

पोर्तो अलेग्रेत बरं गेलं, २०१३ मध्ये राज्याची स्पर्धा जिंकली. ओसाकात स्वागत जंगी झालं, पत्रकारांशी त्याने सुरुवातच जपानी भाषेत केली. पण त्याच वर्षी सेरेझो दुसऱ्या श्रेणीत घसरले. भाषणाने संघ वाचत नाही.

मुंबईत तो खरंच मनापासून खेळला, की पैशासाठी आला होता?

पैसे होतेच की. ३७ वर्षांचा खेळाडू फुकट कशाला येईल? तेव्हा इंडियन सुपर लीग ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच असायची, आठ संघ, प्रत्येकाकडे एखादं मोठं नाव, त्याला ‘मार्की’ म्हणायचे. काही मार्की खेळाडू उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी आल्यासारखे वागले, हे खरं. फोर्लान त्यातला नव्हता, असं माझं मत आहे, आणि ते डोळ्यांनी बघून झालेलं मत आहे.

शनिवार, १९ नोव्हेंबर २०१६. नोटाबंदीला अकरा दिवस झालेले. आझादनगर मेट्रोवरून उतरून क्रीडासंकुलाकडे चालत निघालो तर वाटेतल्या एटीएमपुढे रांग कोपऱ्यापलीकडे गेलेली. वडापाववाल्याकडे सुट्टे नव्हते आणि माझ्याकडे नवी दोन हजारांची नोट होती, म्हणजे दोघांकडेही काहीच नव्हतं. शेवटी तोच म्हणाला, “घ्या ओ, येताना द्या.” समोर केरला ब्लास्टर्स. त्यांचे पिवळे शर्ट आमच्याच गॅलरीत आमच्याइतकेच.

मुंबई ५-० ने जिंकली. फोर्लानची हॅटट्रिक, दोन तर मध्यंतराच्या आतच. पण मला आठवतं ते गोल सोडून बाकीचं. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना हा चालत असायचा. अगदी संध्याकाळी बागेत फिरल्यासारखा. चालता चालता मान डावीकडे, उजवीकडे. आणि चेंडू आमच्या मधल्या फळीकडे आला की दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत हा आधीच पोचलेला. पळावं लागत नव्हतं, कारण निघायची वेळ त्याला ठाऊक होती. शेजारचे काका, आयुष्यभर क्रिकेट बघितलेले, मला म्हणाले, “हा तर स्लिपमधल्या फिल्डरसारखा उभा राहतो रे.” याहून चांगलं वर्णन मी त्यानंतर वाचलेलं नाही.

परत जाताना वडापावचे पैसे दिले. सुट्टे तोवर कुणाकडून तरी मिळाले होते.

मग मुंबई जिंकली का नाही?

लीगच्या तक्त्यात पहिला नंबर आला, २३ गुण. त्याआधीच्या दोन्ही मोसमांत उपांत्य फेरीही दिसली नव्हती. प्रशिक्षक अलेक्झांड्रे ग्विमाराइस, आणि उत्तरार्धात सुनील छेत्रीही संघात आला होता.

उपांत्य फेरीत अ‍ॅटलेटिको डी कोलकाता. कोलकात्यातली पहिली लढत ३-२ ने गेली, हरकत नव्हती, एक गोल भरून काढता आला असता. पण त्याच सामन्यात फोर्लानला दोन पिवळी कार्डं मिळून लाल झालं. परतीच्या लढतीला तो बाहेर. तीन दिवसांनी अंधेरीत कोलकात्याचा एक खेळाडू मध्यंतराआधीच लाल कार्डवर गेला, उरलेला सगळा वेळ समोर दहा जण, आणि आम्हाला एक गोल मारता येईना. ०-०. दहा जणांची भिंत फोडायला नेमका जो लागतो तो मैदानात नव्हता.

यातला टोमणा असा की कोलकात्याच्या त्या संघात माद्रिदच्या अ‍ॅटलेटिकोची भागीदारी होती, शर्टावरचे लाल-पांढरे पट्टेही त्यांचेच. ज्या पट्ट्यांत त्याने हॅम्बुर्गमध्ये चषक उचलला, त्याच पट्ट्यांसमोर त्याला लाल कार्ड मिळालं. पुढे कोलकात्याने अंतिम सामनाही जिंकला.

पेन्यारोलचं काय? ते मधेच राहिलं.

वडिलांचा क्लब, लहानपणापासूनचा. २०१५ मध्ये तिथे आला आणि २०१५-१६ चं उरुग्वेचं विजेतेपद मिळवूनच निघाला. मुंबईला आला तो या विजेतेपदानंतर काही महिन्यांतच, त्यामुळे ‘संपलेला खेळाडू’ हे विशेषण मला तेव्हाही पटलं नव्हतं. किचीकडून हाँगकाँगची लीगही जिंकला.

आता तो काय करतो?

निवृत्तीनंतर पेन्यारोलचा प्रशिक्षक झाला, २०२० मध्ये काही महिन्यांतच तिथून सुटका झाली. पुढे अतेनास या छोट्या क्लबला थोडे दिवस शिकवलं.

आणि मग टेनिस. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ४५ व्या वर्षी, मोंतेविदेओत उरुग्वे ओपन या व्यावसायिक स्पर्धेत दुहेरीला उतरला, सोबत अर्जेंटिनाचा फेडेरिको कोरिया. पहिल्याच फेरीत ६-१, ६-२ असे हरले. प्रेक्षकांनी मात्र स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं.